बहिणीला सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात ड्यूटी मिळतेय. घरचे म्हणतात, तिथं नातेवाईक मारहाण करतात. पाठवावं का?

पाठवा. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात अपघात विभागात नऊ वर्षं स्टाफ नर्स आहे. एकदा मारही खाल्लाय, त्यामुळे घरच्यांची भीती खोटी आहे असं म्हणणार नाही.

ऑगस्टचे दिवस होते, कपाशीवर फवारणी चालू होती. पाठीवरचा पंप गळून औषध अंगात झिरपलेला विशीतला मुलगा रात्री आला. घामानं निथळलेला, तोंडाला लाळ, छातीत घरघर, पण बोलत होता. अशा विषबाधेत अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं, छाती मोकळी होईपर्यंत पुन्हा पुन्हा. घरघर थांबली. पण औषध थोडं जास्त झालं की माणूस बरळायला लागतो. तो हवेत काहीतरी वेचायला लागला, आईला ओळखेना, सलाईन उपटायला लागला. म्हणून आम्ही त्याचे हात बँडेजनं पलंगाला बांधले. तेवढ्यात बाहेर गेलेला चुलता आत आला. त्यानं काय पाहिलं? चालत-बोलत आणलेलं लेकरू बांधलेलं. "बोलत आलतं लेकरू, तुमी सुया टोचून येडं केलं!" म्हणाला आणि माझ्या कानाखाली मारली. दोन दिवस त्या कानात शिट्टी वाजत होती.

डॉक्टरांनी औषधाचा वेग कमी केला. मुलगा आठ दिवसांनी चालत घरी गेला.

त्या दिवसापासून अ‍ॅट्रोपिनची पहिली सुई भरतानाच मी आई-बापाला सांगते, "हे औषध जीव वाचवतं. पण तो थोडा वेळ बडबडेल, ओळखणार नाही, हात बांधावे लागतील. घाबरू नका." तेवढ्यावर माणसं शांत बसलेली मी पाहिली आहेत. पण त्या रात्री बारा पेशंटमागे आम्ही दोघी होतो आणि डॉक्टर एक, तोही दुसऱ्याच्या छातीवर दाब देत होता. बोलणार कोण? तालुक्याहून 'पुढं न्या' म्हणून पाठवलेला पेशंट दीड-दोन तासांच्या रस्त्यानं येतो, तेव्हाच नातेवाइकांचा जीव अर्धा झालेला असतो. त्यांना दर दहा मिनिटांनी आतलं सांगणारा एक माणूस नेमा, हे मी दर बैठकीत सांगते. सुरक्षारक्षक वाढवतात, तेही पाहिजेतच, पण हा माणूस कुणी नेमत नाही. चूक नर्सची आहे असं बहिणीच्या डोक्यात कुणी भरवू देऊ नका.

तक्रारीचं मात्र माझ्याकडून राहिलं, त्याची सल आजही आहे. वरिष्ठ म्हणाले, "जाऊ द्या सिस्टर, त्यांचंही लेकरू आहे." मी जाऊ दिलं. आपल्या राज्यात 2010 पासून यासाठी वेगळा कायदा आहे. डॉक्टर, नर्स, शिकाऊ मुली, खासगी दवाखाने, सगळे त्यात येतात. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. 3 वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड, आणि मोडतोड केली तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. सरकारी नोकरीत असेल तर लोकसेवकावर हल्ल्याचं कलमही लागतं. कोलकात्यात ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारनं स्वतःच्या रुग्णालयांना सांगितलं की हल्ला झाला तर 6 तासांत संस्थेनंच पोलिसांत तक्रार द्यायची, जबाबदारी प्रमुखाची. राज्याच्या रुग्णालयांतही तसंच मागायला हवं, कारण एकटी नर्स ठाण्यात गेली की संध्याकाळपर्यंत तिच्या घरी मध्यस्थ येऊन बसतात.

रुजू होताना बहिणीला दोन गोष्टी विचारायला सांगा. रात्रपाळीला किती जणी असतात, आणि मार बसला तर तक्रार कोण देतं. पहिल्याच दिवशी ड्यूटीरूमचं मागचं दार, म्हणजे निसटायची वाट, कुलूपबंद आहे का तेही बघायला सांगा. आमचं होतं. त्या रात्रीनंतर मी वॉर्डातल्या मामांकडून, म्हणजे शिपायांकडून, किल्ली मागून घेतली, ती आता टेबलाच्या खणात असते.