जतला दोन एकर निर्यातीची द्राक्षं लावू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी आता सांगली जिल्ह्यातल्या जत भागात तुमच्या गावापर्यंत आलंय, पुण्यातली नोकरी सोडून घरच्या चार एकरांपैकी दोन एकरांत निर्यातीची द्राक्षं लावायची इच्छा आहे, आणि घरातले वडीलधारे अण्णा नको म्हणतायत. देशात फळं-भाजीपाल्याचा धंदा किती वाढला त्याचे आकडेही तुम्ही दिलेत. उष्ण पट्ट्यातला पेरू देश द्राक्ष निर्यातीत पुढे गेला, हे उदाहरणही दिलंय. मी तासगाव भागात द्राक्षबागेवरच घर चालवत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर सांगतो. लावा, पण एकच एकर लावा. आणि हिशोब बेदाण्याचा धरून लावा. माल निर्यातीला गेला तर ती वरची कमाई.

तुमचे आकडे खरे आहेत. २०१२-१३ साली देशात पहिल्यांदा फलोत्पादन अन्नधान्याच्या पुढे गेलं आणि नंतर ते पुढेच राहिलं. फळं आणि भाजीपाला, दोन्हींत आपण चीननंतर दुसरे आहोत. २०२३-२४ मध्ये देशातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन ताजी द्राक्षं बाहेर गेली, जवळपास ३,४६० कोटी रुपयांची. ही रक्कम वाचून कुणाचंही मन हलेल. पण देशात पिकणाऱ्या द्राक्षांच्या मानाने हा माल दहा किलोत जेमतेम एक किलो भरतो. उरलेली नऊ किलो इथेच खायला जातात, नाहीतर शेडवर सुकतात. तुमची बाग त्या एका किलोवर उभी करायची का, हे आधी ठरवा.

ही वाढ कशावर झाली तेही बघा. १९९० साली महाराष्ट्राने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड योजना आणली, तेव्हा कोरडवाहू माणसाला पहिल्यांदा झाडासाठी सरकारी पैसा मिळाला. आटपाडीची डाळिंबं ज्या पिढीने उभी केली ती त्याच काळातली. १९९१ मध्ये द्राक्ष सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स ही निर्यातीची संस्था काढली आणि युरोपात माल पाठवायचा तर पॅकिंग, थंडावा, कागद काय लागतात ते आपल्या लोकांना हाताने शिकायला मिळालं. १९९७ ला मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र झालं. डॉगरिजचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम भरतात ती वेल, आला म्हणून खारट, कमी पाण्याच्या जमिनीत वेल तगली. ताकारी, म्हैसाळ, टेंभूचं पाणी यायला किती वर्षं गेली ते तुमच्या अण्णांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. यातलं काहीही एकट्या शेतकऱ्याने केलेलं नाही, आणि यातलं एक जरी निखळलं तरी एकट्या शेतकऱ्याचं बुडतं. अण्णांची भीती मला म्हणून रास्त वाटते.

आता पेरूचं. तोही उष्ण पट्ट्यातला देश, बरोबर. पण त्यांच्या बागा इका आणि पिउरा भागात, किनाऱ्यालगतच्या वाळवंटात आहेत. पाऊस जवळजवळ नाही, जे पाणी द्यायचं ते ठिबकने. शिवाय त्यांनी जुन्या जाती काढून पेटंटच्या नव्या जाती मोठ्या प्रमाणावर लावल्या. आपल्याकडे अजून थॉमसन ही जुनी जात आणि तिच्याच पोटातल्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन यांच्यावर सगळा भार आहे. नव्या पेटंट जाती महाराष्ट्रात आल्यात, पण त्या करारावर मिळतात आणि दोन एकरवाल्याला परवडायला वेळ लागेल.

मुख्य फरक पावसाचा. द्राक्ष ही थंड हवेची वेल, हिवाळ्यात पानं गाळून विश्रांती घेणारी. आपल्या उन्हात तिला विश्रांतीच नाही, म्हणून आपण दोनदा छाटतो: एप्रिलात खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि ऑक्टोबरात फळछाटणी करून त्याच काडीवर माल धरायचा. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वर पेस्ट लावायची. या रीतीमुळे आपला माल फेब्रुवारी ते एप्रिल येतो. तेव्हा दक्षिण गोलार्धातल्या देशांचा हंगाम सरत आलेला असतो आणि इजिप्तचा सुरू झालेला नसतो. तेवढ्या खिडकीतून आपण युरोपात शिरतो. पण तीच ऑक्टोबर छाटणी परतीच्या पावसाच्या तोंडावर येते. २०१९ चा ऑक्टोबर आठवा. पोंगा अवस्थेपासून, म्हणजे कोवळी फूट निघाल्यापासून, फुलोऱ्यापर्यंत पाऊस हटला नाही, डावणी या बुरशीजन्य रोगाने घड जागच्या जागी जिरले, कुजले. रात्री बॅटरी लावून लोक फवारत होते आणि सकाळी परत पाऊस. शेतीचे आकडे वाढताना अशी सालं त्यात दिसत नाहीत, पण सोसायटीच्या थकबाकीत दिसतात.

निर्यातीत सगळ्यात अवघड गोष्ट घड मोठा करणं ही नव्हे. जीए (मणी फुगवायचं संजीवक), मण्यांची विरळणी, पाणी हे तुम्ही दोन हंगामांत शिकाल. अवघड आहे ते फवारलेल्या औषधांचे मालात राहणारे उर्वरित अंश सांभाळणं. २००३ च्या सुमारास युरोपात आपल्या मालात कीडनाशकांचे अंश सापडले, त्यानंतर अपेडाने, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने, तपासणीची पद्धत बसवली आणि २००६ पासून ग्रेपनेट या तिच्या ऑनलाइन यंत्रणेवर प्रत्येक प्लॉटची नोंद सुरू झाली. पेटीवरच्या क्रमांकावरून माल कुठल्या गावच्या कुठल्या बागेचा ते तिकडे कळतं. तरीही २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडवरून, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्यावरून, कंटेनरच्या कंटेनर अडकले. काडी आखूड राहावी म्हणून ते औषध सर्रास मारलं जायचं आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. त्या साली निर्यातदार बुडाले आणि त्यांच्याकडे माल दिलेले शेतकरीही.

आज काय करावं लागतं? दरवर्षी कृषी खात्याकडे प्लॉटची नोंदणी. फवारणीची वही: तारीख, औषध, प्रमाण, काढणीआधी किती दिवस थांबलात. मग प्रयोगशाळेचा माणूस बागेत येतो, ओळी सोडून सोडून घड घेतो, पिशवी सीलबंद करतो, सही घेतो. रिपोर्ट येईपर्यंतचे ते दिवस फार वाईट असतात. बाग गोडीवर आलेली, व्यापारी बांधावर फिरतोय, आणि तुम्ही कागदाची वाट बघताय. शेजारच्याने वांग्यावर मारलेलं औषध वाऱ्याने तुमच्या कडेच्या ओळींवर आलं, तरी नमुन्यात तुमचंच नाव लागतं. दोन एकर लांबट पट्टा असेल तर कडा जास्त, धोका जास्त. तुमच्या रानाचा आकार आणि शेजारची पिकं बघितल्याशिवाय निर्यातीचं नाव काढू नका.

काढणीनंतरचं आपल्या हातात फारसं नसतं, म्हणून थोडक्यात. सकाळच्या गारव्यात देठाला धरून घड कापायचा, मण्यावरची पांढरट लव पुसली जाता कामा नये. काही तासांत प्री-कूलिंग, म्हणजे माल गार करणं, पेटीत कूज रोखणारा ग्रेपगार्डचा कागद, मग शून्य अंशाच्या आसपास कंटेनरमध्ये न्हावा शेवाहून रवाना. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. दहा-पंधरा दिवस वाढले की मणी टिकला तरी देठ वाळतो, आणि तिकडचा खरेदीदार आधी देठ बघतो. जतच्या शेतकऱ्याचा भाव तांबड्या समुद्रावर ठरतो, ही गोष्ट अण्णांना पटवणं कठीण आहे, पण ती खरी आहे.

म्हणून मी बेदाण्यावर जोर देतोय. नाशिककडे ताज्या मालाची ताकद आहे. सांगलीची ताकद कोरड्या हवेत आहे. फेब्रुवारी ते एप्रिल तासगाव, कवठेमहांकाळ, नागज, जत या पट्ट्यात जी हवा असते ती द्राक्ष सुकवायला मिळालेली देणगी आहे, आणि तुम्ही त्या पट्ट्याच्या मधोमध आहात. २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हवेमुळे.

बेदाण्याच्या शेडवर एकदा नीट उभे राहून बघा. गोडी बावीस ब्रिक्सच्या (साखर मोजायचं माप) वर गेलेला माल येतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात क्रेट काही मिनिटं बुडवतात, म्हणजे मण्यावरचा मेणाचा थर सुटतो आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. मग जाळीच्या रॅकवर एकावर एक थरांत पसरतात. मधे परत एकदोनदा तेच द्रावण फवारतात. बारा-पंधरा दिवसांत मणी आवळतो. नंतर काड्या झाडणं, धुणं, गंधकाची धुरी, प्रतवारी, आणि पंधरा किलोची पेटी. साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा. मालाला गोडी कमी असेल तर पाच किलोही लागतात, म्हणून घाईने तोडू नका.

यातला खरा फायदा वेळेचा आहे. ताजा घड वेलीवर पिकला की तुमच्याकडे काही दिवस असतात आणि व्यापाऱ्याला ते माहीत असतं. चार किलोच्या पेटीचा भाव तो त्यावरच पाडतो. बेदाणा कोल्ड स्टोरेजला गेला की तुम्ही थांबू शकता, पावतीवर कर्ज काढू शकता, सणासुदीच्या मागणीला विकू शकता. भाडं आणि व्याज लागतं, ते धरूनच थांबायचं. तासगाव आणि सांगलीचे बेदाण्याचे सौदे, म्हणजे लिलाव, एकदा जाऊन बघा. तिथेही खटकणाऱ्या गोष्टी आहेत: सौद्यात बेदाणा उधळतात तो शेतकऱ्याच्या घामाचा असतो, त्यावर वर्षानुवर्षं तक्रारी झाल्यात. पण दिवाळीच्या आधी व्यवहार शून्यावर आणायची, म्हणजे सगळी येणी-देणी मिटवायची पद्धत तिथे आहे, आणि ती शेतकऱ्याच्या कामाची आहे.

ताज्या मालात तसं काही नाही. २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, बांधावर कुणीही खरेदी करू शकतो. चांगलं झालं, पण बांधावर आलेल्या माणसाची जबाबदारी कुणावर, हा प्रश्न तसाच राहिला. दर हंगामात आपल्या जिल्ह्यात कुणीतरी व्यापारी दोन-तीन गाड्यांचे पैसे रोख देऊन विश्वास बसवतो आणि नंतरच्या गाड्यांचे पैसे बुडवून जातो. आमच्या घरचेही असे पैसे अडकलेत. वजन झालं की पैसे, मगच गाडी हलवायची. दोन रुपये कमी मिळाले तरी चालतील.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. मांडव, ठिबक, खुंट, कलम धरून पहिला पैसा एकरी काही लाखांत जातो, आणि चालू बागेला दरसाल अडीच-तीन लाख सहज लागतात. फेब्रुवारीत खुंट लावला, ऑगस्ट-सप्टेंबरात कलम भरलं, पुढे रिकट घेऊन (कलमाची फूट परत छाटून) ओलांडे, म्हणजे मांडवावरच्या आडव्या फांद्या, तयार केले, तर पहिला माल हातात यायला दोन वर्षं धरा. तोवर नोकरीचा पगार चालू असलेला बरा. शक्य असेल तर नोकरी इतक्यात सोडू नका. अण्णा आणि एक जाणता माणूस पहिलं वर्ष सांभाळू शकतात.

दुसऱ्या एकरात पाण्याची सोय करा. म्हैसाळचं पाणी आवर्तनाने येतं आणि एप्रिल छाटणीनंतर, जेव्हा काडीत घड तयार होत असतो, नेमकं तेव्हा ते लांबू शकतं. शेततळं नसेल तर टँकर. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरवर बागा जगवताना लोकांची काय दशा झाली ते अण्णांनी पाहिलंय. त्यांना विचारा, ते सांगतील.

आत्ता करायचं एवढंच: रानातल्या तीन-चार ठिकाणची माती आणि विहिरीचं व कालव्याचं पाणी वेगवेगळं तपासून घ्या. क्षारता, क्लोराइड, सोडियम आणि चुनखडी हे चार आकडे मुद्दाम मागा, कारण जतच्या बऱ्याच रानांत चुनखडी जास्त निघते. ते आकडे इथे टाका. डॉगरिज लावायचा की ११०-आर हा दुसरा खुंट, हे त्यावरून सांगता येईल, आणि चुनखडी फारच निघाली तर एक एकरही लावू नका असंच मी सांगेन.