फुकट, मोफत, मुक्त आणि बसवणावळ

देवगडकडच्या एका वाचकांनी विचारलंय : वाचनालयांना ‘कोहा’ ही पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारी ओपन सोर्स (म्हणजे मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता येणारी) संगणक प्रणाली बसवून देणं हा माझा धंदा. बिल पुढे केलं की ऐकावं लागतं, “फुकटचा ना, मगे पैशे कित्याक?” फ्री सॉफ्टवेअरला मराठीत म्हणू तरी काय?

‘मुक्त’ म्हणा. मोफत आणि फुकट दोन्ही किमतीपाशीच अडतात, शिवाय ‘फुकट’ला हिणवणीचा वास आहे. ‘मुक्त’ बंधनाबद्दल बोलतो : सॉफ्टवेअर वापरायला, बदलायला, वाटायला आडकाठी नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात फी भरावी लागते, पण ‘मग मुक्त कसलं?’ असं कोणी विचारत नाही. (उत्सवातलं ‘मुक्तद्वार भोजन’ तेवढं आपल्या विरोधात जातं!) इंग्रजीत एकाच ‘फ्री’त दोन्ही अर्थ, म्हणून १९८३ साली ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनना हा फरक पुढे सतत समजावत बसावं लागलं. ईमॅक्स या आपल्याच मुक्त प्रोग्रामची टेप ते स्वतः १५० डॉलरला विकत. ओपन सोर्सला ‘मुक्तस्रोत’ही चालेल, पण स्रोत लिहा, ‘स्त्रोत’ नको.

पण तुमची खरी अडचण बिलावरच्या शब्दाची आहे असं मला वाटतं. सामान एकाचं, हात दुसऱ्याचा, असा व्यवहार मराठीला नवा नाही. त्यासाठी ‘-आवळ’ हा प्रत्ययच आहे : सोनाराची घडणावळ, शिंप्याची शिवणावळ, गिरणीची दळणावळ. तांदूळ घरचे असले म्हणून गिरणीवाल्याशी कोणी हुज्जत घालत नाही. कलमं बांधणाऱ्याचंही तेच. काडी शेजाऱ्याच्या हापूसची, मागून आणलेली. मजुरी मात्र बांधणाऱ्याची. तेव्हा बिलावर सरळ लिहा, ‘कोहा : मुक्त. बसवणावळ : अमुक रुपये’. शब्द कोशात सापडला नाही, तरी वाडीतली आजीसुद्धा अर्थ विचारणार नाही.

‘कोहा’ हा शब्दही सांगून ठेवा. प्रणाली न्यूझीलंडची, शब्द माओरी. अर्थ भेट, पण परतफेडीची जाण ठेवून दिलेली. आपल्याकडे वानवळ्याची टोपली शेजारी रिकामी परत पाठवत नाहीत, तसंच काहीसं.

वाचनालयातल्या मंडळींना शिकवण्याचे पैसे वेगळे लावत असाल, तर तिथे नवा शब्द घडवायला नको. ‘शिकवणी’ आहेच, आणि ती फुकट असते असं अजून कोणी म्हटलेलं ऐकलं नाही.