फॅब अकॅडमीची वेबसाइट आणि गिट: सुरुवात करताना

फॅब अकॅडमी म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू बनवायला शिकवणारा अभ्यासक्रम; त्यात आपलं काम स्वतःच्या वेबसाइटवर लिहून ठेवायचं असतं. पहिल्याच आठवड्यात वेबसाइट आणि गिट समोर आलं की दडपण येतं, ते मला ठाऊक आहे. पण तयार टेम्प्लेटच्या मागे लागू नकोस. एक साधं एचटीएमएल पान स्वतः लिही: मथळा, दोन परिच्छेद, एक फोटो, एक लिंक. रंगरूप सीएसएसने नंतर येईल.

गिट म्हणजे कामाची रोजची वही: फाइलींमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्सने 2005 साली लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं. तुला आधी चारच आज्ञा लागतील: पुल (सर्व्हरवरचे बदल आणणे), अ‍ॅड (फाइल निवडणे), कमिट (संदेशासह बदल नोंदवणे), पुश (सर्व्हरवर पाठवणे). कमिटचा संदेश मात्र नीट लिही. नुसतं 'अपडेट' लिहिलंस तर महिन्याभराने तुलाच काही कळणार नाही.

आता फोटो. इथेच बहुतेकजण अडकतात, मीही अडकलो होतो. मोबाइलचा चार-पाच एमबीचा फोटो तसाच पुश केला आणि नंतर डिलीट केला, तरी तो गिटच्या इतिहासात राहतोच आणि रिपॉझिटरी (गिटने सांभाळलेला कामाचा फोल्डर) फुगत जाते. म्हणून अ‍ॅड करण्याआधीच रुंदी हजार पिक्सेलवर आण. फाइल शे-दोनशे केबीत बसते. फाइलींची नावं छोट्या इंग्रजी अक्षरांत (a, b, c), मधे जागा न सोडता दे. विंडोजवर मोठ्या-लहान अक्षरांचा फरक चालून जातो, लिनक्स सर्व्हरवर फोटो दिसतच नाही.

आणि हो, जळलेला सर्किट बोर्ड, चुकलेला कटसुद्धा त्याच दिवशी वेबसाइटवर फोटोसकट लिहून ठेव. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब, म्हणजे अशा वस्तू बनवायची कार्यशाळा आहे. जमलं तर एकदा जाऊन ये.