स्मृती आणि अनुभववादी: वाचकांचे प्रश्न

सारे ज्ञान अनुभवातून येते असे मानणाऱ्या, म्हणजे अनुभववादी, तत्त्वज्ञांपैकी लॉक आणि ह्यूम यांनी स्मृतीची व्याख्या काय केली, याविषयीचा एकच गोंधळ पत्रांतून वारंवार येत असल्यामुळे निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज स्मृती आणि कल्पनाशक्ती वेगळ्या मानतो का? (ऐरोली)

नाही, ‘लेव्हायथन’मध्ये (१६५१) दोन्ही म्हणजे विरत जाणारे संवेदनच होय.

लॉकच्या मते स्मृती हे कल्पनांचे कोठार आहे, असे एका व्याख्यानात ऐकले. (नौपाडा)

ऐकीव माहितीवर विसंबू नये. कोठार हा शब्द लॉकचाच. पण ‘मानवी आकलनावरील निबंधा’च्या १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने खुलासा जोडला, की जाणिवेत नसलेल्या कल्पना प्रत्यक्षात कोठेच नसतात, आणि पूर्वीची जाणीव ‘ही आपल्याला आधी झाली होती’ या जादा जाणिवेसह पुन्हा जागवण्याचे मनाचे सामर्थ्य म्हणजे स्मृती. दुसऱ्या खंडाचे दहावे प्रकरण एखाद्या प्राध्यापकांबरोबर वाचावे.

लहानपणी मासुंदा तलावात पडल्याचे मला लख्ख आठवते. आई म्हणते, पडला तो भाऊ. ह्यूमच्या मते ही स्मृती ठरेल का? (पाचपाखाडी)

ह्यूमची खरी अडचण हीच आहे. ‘मानवी स्वभावावरील प्रबंधा’त (१७३९-४०) तो म्हणतो, की स्मृती मूळ ठशांचा, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवांचा, क्रम राखते आणि कल्पनाशक्ती तो बदलू शकते, मात्र गेलेला ठसा परत आणून ताडून पाहता येत नाही, हेही तोच मान्य करतो, त्यामुळे ओळखीची खूण म्हणून केवळ जोम आणि टवटवी उरते. वारंवार खोटे सांगणाऱ्याला अखेर तेच आठवू लागते, हे उदाहरणही त्याचेच! म्हणजे तुमची लख्ख आठवण या कसोटीला उतरते आणि तरीही खोटी असू शकते. विसाव्या शतकातील तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९२१ मध्ये टवटवीऐवजी परिचितपणाची व गतकाळाची भावना पुढे केली; परंतु भावना ही साक्ष कशी होईल, हा प्रश्न तिथेही सुटत नाही, कारण सारे जग त्यातल्या आठवणींसकट पाच मिनिटांपूर्वीच निर्माण झाले असणे तर्काला अशक्य नाही, असे तोच लिहितो. ‘स्पष्ट आठवते, म्हणून घडले’ हे विधान लोक भांडणात आणि कोर्टातही बेधडक करतात, याची मला फार धास्ती वाटते. भावाला आणि शेजाऱ्यांना विचारल्याखेरीज निर्णय करू नका.

खारघरमधील एक वर्ग ह्यूमच्या सिद्धांतावर स्मरणशक्ती वाढवून देतो, असे पत्रक आले. (खारघर)

ह्यूम स्मृती ओळखू पाहत होता, वाढवून देत नव्हता. पैसे भरण्यापूर्वी तत्त्वज्ञानाच्या शिक्षकांना पत्रक दाखवा.

गेल्या दिवाळीपासून वडील तेच तेच विचारतात. लॉकच्या व्याख्येने हे समजेल का? (नेरूळ)

नाही. इतके दिवस थांबलात कशासाठी? याच आठवड्यात त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्या.