दोन कौतुकाचे शब्द हवेसे वाटले तर तो गर्व आहे का?

मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) बायबल शिकवणारे लोक माझ्याशी बोलायला येतात तेव्हा हा प्रश्न फिरून फिरून माझ्यापुढे येतो, की सेवा प्रभूची, मग माणसांनी चार शब्द चांगले बोलावेत असं वाटणं पाप आहे का. यवतमाळकडच्या एका ताईंचंही हेच होतं. (त्यांना विचारून लिहितेय, ओळखू येऊ नये म्हणून थोडं बदललंय.)

ताई गुरुवारी संध्याकाळी बायांचा बायबल स्टडी घ्यायच्या अन् रविवारी संडे स्कूल. वेचणीच्या दिवसांत दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस, बोंडांनी बोटं चिरलेली, आणि रात्री लेकाच्या जुन्या वहीत धड्याच्या नोट्स. ती वही त्यांनी मला दाखवली, आधीची पानं काठोकाठ भरलेली, शेवटच्या पानांवर नुसत्या तारखा, खाली काहीच नाही. म्हणाल्या, "मॅडम, मले आता नाई जमत. कोनी विचारतच नाई का बाई तू कशी हाय. अन् असं मनात आलं का मलेच लाज वाटते, प्रभूसाठी करतो ना मी, मंग मानसाकून काय पाह्यजे?"

बोलता बोलता खरी गोष्ट निघाली. एकदा त्या बोलून गेल्या की शुभवर्तमान लिहिणारा लूक येशूच्या बारा शिष्यांपैकी होता. मंडळीतल्या एका वडिलांनी (एल्डर, मंडळीची जबाबदारी असलेले ज्येष्ठ) सगळ्या बायांसमोर टोकलं आणि वर याकोबाच्या पत्रातलं ३:१ ऐकवलं, पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, शिक्षकांचा न्याय जास्त कडक होतो. लूक बारांत नव्हता हे खरंच आहे हो, पण तेव्हापासून वही कोरी.

मी आधी झोप, भूक, रडू येणं सगळं विचारलं, कारण थकवा वेगळा आणि डिप्रेशन वेगळं, दोन आठवडे मन सतत उदास राहिलं तर डॉक्टरकडे जायलाच हवं, अशा माणसाला नुसती प्रार्थना करा म्हणून घरी पाठवणं मला पटत नाही (टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे). ताईंचं तसं नव्हतं. मग त्यांनाच याकोबाचं पुढचं वचन वाचायला लावलं. तिथे लगेच लिहिलंय की आपण सगळेच पुष्कळ बाबतीत चुकतो, आणि त्या 'आपण'मध्ये याकोब स्वतःलाही धरतो. ताईंनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तर रोमकरांस पत्रात पहिल्याच अध्यायात आहे, पौलासारखा मोठा प्रेषित लिहितो की तुमच्याकडे यायचंय, म्हणजे तुम्हाला माझ्याकडून आणि मला तुमच्याकडून उत्तेजन मिळेल. पौलाला ते हवं होतं, मग ताईंना हवं वाटलं तर गर्व कसा?

त्यांच्या परवानगीनं पास्टरांना भेटले. माणूस चांगला, लगेच म्हणाले ख्रिसमसला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. ताईंनी ऐकूनच हात जोडले. मी म्हटलं सत्कार राहू द्या, गलतीकरांस ६:६ मध्ये शिकणाऱ्यानं शिकवणाऱ्याला चांगल्या गोष्टींत वाटा द्यावा असं आहे, तो वाटा काय ते ताईंनाच विचारा. तर त्यांनी सांगितलं ते एवढंच, वेचणी संपेपर्यंत अर्धे गुरुवार कोणीतरी घ्यावेत, बल्बच्या उजेडात दिसत नाही म्हणून मोठ्या अक्षरांचं बायबल हवं, आणि धडा आधी पास्टरांनी एकदा ऐकावा. चूक निघायची तर तिथेच निघेल. प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये प्रिस्किल्ला-अक्विला, तंबू करून पोट भरणारी माणसं, त्यांनी अपुल्लो नावाच्या उपदेशकाला आपल्याकडे नेऊनच नीट समजावलं होतं, आणि पुढे तो अखया प्रांतात निघाला तेव्हा भावांनी त्याला उत्तेजन दिलं, तिथल्या शिष्यांना चिठ्ठीही लिहिली.

बायांना मी एवढंच सांगितलं की "छान झालं" म्हणून उठून जाऊ नका, काय मनाला लागलं ते ताईंना सांगा. एक जण पुढच्याच गुरुवारी म्हणाली, भावांना माफ करणाऱ्या योसेफाचा धडा ऐकला अन् मी जावेशी बोलली, लई दिवसांनी. ताईंनी हे मला फोन करून सांगितलं, आवाजच वेगळा होता.

त्या वडिलांनी माफी वगैरे मागितली नाही. आपला बायबल शब्दकोश मात्र ताईंच्या घरी नेऊन दिला. ताई तो वापरतात, पण त्यांना थेट काही विचारायला अजून बिचकतात, आणि त्यावर आमचं बोलणं चालू आहे.