वाचणार असशील तेवढंच दे

नाशिक, जूनचा दुसरा आठवडा

प्रिय बाई,

वर्गातली मुलं आता तुला याच नावानं हाक मारणार, म्हणून मीही तेच लिहिते. पाचवी 'ब', पट ४२, चारही मुख्य विषय तुझ्याकडे, असं तू कळवलंस आणि दोन गोष्टी विचारल्यास. गृहपाठ किती द्यायचा? आणि प्रकल्प म्हणून मुलांकडून नेमकं काय करून घ्यायचं? दोन्हींचं उत्तर माझ्या मते एकच आहे. जे तू स्वतः नीट वाचणार नाहीस, ते मुलांना करायला सांगू नकोस.

आधी हिशेब बघ. एका वहीला दोन मिनिटं धरली तरी ४२ वह्यांना ८४ मिनिटं लागतात. चारही विषयांचा गृहपाठ रोज दिलास तर रोजच्या १६८ वह्या होतात. मग त्या वाचल्या जात नाहीत, नुसती सही होते, आणि पंधरा दिवसांत मुलांच्या ते लक्षात येतं. २०२० च्या शालेय दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा गृहपाठ सांगितला आहे. तेवढा पुरतो. सोमवारी आणि गुरुवारी गणित, मंगळवारी मराठी, शुक्रवारी परिसर अभ्यास. बुधवार मोकळा. एका दिवशी एकच विषय, तोही २५ मिनिटांत होईल इतकाच. वेळेचा अंदाज घ्यायचा तर आदल्या दिवशी घड्याळ लावून ती उदाहरणं तू स्वतः सोडव आणि आलेल्या वेळेची तिप्पट कर. तुला आठ मिनिटं लागली तर मुलांना २५ लागतील असं धरून चाल.

गृहपाठ देण्याची पद्धत त्याच्या मजकुराइतकीच महत्त्वाची आहे. शाळा सुटताना घाईघाईनं फळ्यावर खरडू नकोस. शेवटच्या तासाची आठ मिनिटं राखून ठेव. फळ्याचा उजवा कोपरा वर्षभर गृहपाठासाठीच ठेव. मुलांना उतरवून घेऊ दे आणि पहिलं उदाहरण तिथेच, वर्गात, सोडवून घे. गृहपाठ राहतो तो बहुतेक वेळा आळसामुळे राहत नाही, सुरुवातच करता येत नाही म्हणून राहतो. पहिलं उदाहरण वहीत असलं की मूल दुसऱ्याला हात घालतं. रात्री नऊला पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गृहपाठ टाकायची सवय मात्र लावून घेऊ नकोस. सातपूर, अंबडच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला गेलेल्या वडिलांच्या खिशात घरातला एकुलता एक फोन असतो. मुलाला गृहपाठ कळणार कधी? त्याच कारणासाठी ज्याला मोठं माणूस, प्रिंटर किंवा स्टेशनरीचं दुकान लागतं असं काहीही घरी करायला देऊ नकोस.

आता वह्या तपासण्याबद्दल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण नव्या शिक्षकाचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात कमी फायदाही इथेच होतो. पाच उदाहरणं दिली असतील तर एकच मन लावून वाच, बाकीच्यांवर नजर टाक. ते एक उदाहरण देतानाच विचार करून निवडलेलं असावं. नमुना म्हणून ५०३ वजा २७८ घे. उत्तर २२५. वर्गात चुकीची उत्तरं येतील ती बहुधा तीनच प्रकारची, आणि प्रत्येकामागचं कारण वेगळं.

३७५ आलं तर त्या मुलानं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, कोणता वर नि कोणता खाली हे न बघता. त्याला हातच्याचं काहीच कळलेलं नाही. २३५ आलं तर शतक सुटं करून दहा दशक आणले, त्यातला एक एककाला दिला, पण दशकाच्या घरात दहाचे नऊ करायचे राहिले. ३२५ आलं तर दशकाचं काम बरोबर झालं, मात्र शतकाच्या घरात पाचाचे चार केले नाहीत. या तिघांनाही 'चूक' म्हणून एकच फुली मारलीस तर कोणाला काय शिकवायचं हे तुलाच कळणार नाही.

म्हणून वह्या तपासताना टेबलावर ढीग लाव. बरोबर असलेल्यांचा एक, आणि चुकीच्या प्रत्येक प्रकाराचा एक एक. दुसऱ्या दिवशी ३७५ वाल्यांना खेळातल्या नोटा घेऊन बसव. शंभराच्या पाच नोटा, एक रुपयाची तीन नाणी, आणि सांग, यातून २७८ रुपये दे. नोट मोडल्याशिवाय देताच येत नाहीत. शंभराची मोडून दहाच्या दहा घ्यायच्या, त्यातली एक मोडून दहा सुटे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात हे या मुलांना माहीत असतं, त्यामुळे नोटांचा खेळ त्यांना आवडतो. २३५ आणि ३२५ वाल्यांना नोटांची गरज नाही. त्यांनी फक्त वरचे अंक खोडून नवे अंक ठळक लिहायचे: ५ खोडून ४, ० खोडून ९, ३ खोडून १३. पाठांतर पक्कं नाही म्हणून ही चूक होत नाही, वहीत जागा सोडली नाही म्हणून होते. चौकटीच्या वहीत उदाहरणाच्या वर एक ओळ रिकामी सोडायला शिकव.

लाल पेनानं पान रंगवू नकोस. ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात एक ठिपका दे. चूक मुलानं शोधायची. पण त्यासाठी परिपाठानंतर दहा मिनिटं 'दुरुस्तीची वेळ' ठेवावी लागते, नाहीतर ठिपक्याला काही अर्थ नाही. मराठीच्या वहीत हेच कर, फक्त एका आठवड्याला एकच प्रकार: या आठवड्यात शेवटच्या अक्षराची वेलांटी, पुढच्या आठवड्यात अनुस्वार. सगळ्या चुका एकदम दाखवल्या की मूल पुढच्या वेळी तीनच ओळी लिहितं, कारण कमी लिहिलं की कमी चुका होतात.

गृहपाठ आणला नाही म्हणून उभं करू नकोस, दहा वेळा लिहायला लावू नकोस. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. वहीच्या मागच्या पानावर नुसती तारीख टाक. सलग तीन तारखा झाल्या तर मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचार, संध्याकाळी घरी कोण असतं, वही कुठे ठेवतोस, दिवा कधी लागतो. कारण बहुतेक वेळा या तीन उत्तरांतच सापडतं.

आता प्रकल्प. थर्माकोलचा किल्ला, दुकानातून आणलेला चित्रांचा तक्ता, आईनं रात्री बसून रंगवलेली फाईल, यांना मी प्रकल्प मानत नाही. प्रकल्पाला एक प्रश्न लागतो, आणि उत्तर मोजून मिळावं लागतं. सामान शाळेतच राहावं, घरी फक्त वही जावी, म्हणजे काम कोणी केलं याची शंकाच उरत नाही. जून-जुलैत तुझ्यासाठी सगळ्यात सोपा प्रश्न आभाळातूनच येतो: आपल्या शाळेत रोज किती पाऊस पडतो?

दोन लिटरची, सरळ भिंतीची कोल्ड्रिंकची बाटली घे. कमरेत बारीक असलेली चालत नाही. खांदा संपून भिंत सरळ होते तिथे ती काप. कापायचं काम तू घरी कर, कटर वर्गात नको. कडेला चिकटपट्टी लाव. वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसव. तळ खडबडीत असतो, म्हणून तीन-चार सेंटिमीटर खडे टाक आणि सरळ भिंत सुरू होईपर्यंत पाणी भर. त्या पाण्याची पातळी म्हणजे शून्य. तिथून वर मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी चिकटव आणि तिच्यावरून पारदर्शक टेप. मुलं पट्टी बाटलीच्या बुडापासून लावतात, तिथे लक्ष ठेव. नरसाळं त्याच बाटलीचं आहे, तोंड आणि पोट एकाच मापाचं आहे, म्हणून चढलेलं पाणी हाच मिलिमीटरमधला पाऊस. एखादा मुलगा हौसेनं घरून दुप्पट व्यासाचं नरसाळं आणेल. मग माप चौपट येईल. ते एकदा मुद्दाम करून दाखव.

बाटली हलकी असते, वाऱ्यानं पडते, म्हणून चार विटांच्या मध्ये बसव. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर राखायचं. तीन बाटल्या करता आल्या तर फार छान: एक उघड्यावर, एक झाडाखाली, एक पागोळ्यांजवळ. तिन्हींची मापं जुळत नाहीत हे दिसलं की जागा नीट का निवडायची हे सांगावंच लागत नाही. रोज ठरलेल्या वेळी मोजा. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, तुम्हाला जमेल ती वेळ धरा, पण ती बदलू नका. मोजून झालं की पाणी शून्यावर आणायचं. उघडिपीत ते वाळून खाली जातं, तेव्हा भर घालायची.

नोंदवहीत दोन खुणा वेगळ्या ठेव. पाऊस पडला नाही तर ०, मोजायचं राहिलं तर आडवी रेघ. मुलं दोन्हीकडे शून्य लिहितात आणि महिन्याची बेरीज खोटी येते. रविवार मध्ये आला तर सोमवारच्या मापापुढे 'दोन दिवसांचा' असं लिहायचं. स्तंभालेख काढताना १ सेंटिमीटर म्हणजे ५ मिलिमीटर पाऊस हे प्रमाण ठीक पडतं. कोरड्या दिवसांची जागा आडव्या अक्षावर रिकामी सुटलीच पाहिजे. मुलं ती गाळून सगळे स्तंभ शेजारी शेजारी काढतात, मग रोजच पाऊस झाल्यासारखं दिसतं.

यातून पुढे किती धागे निघतात बघ. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. वर्गाची खोली ७ बाय ६ मीटर असेल तर २० मिलिमीटर पावसात तेवढ्या छपरावर ८४० लिटर पडलं. वर्तमानपत्रात तालुकावार पावसाचे आकडे येतात, ते आठवडाभर कापून चिकटवा. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याचे आकडे एकीकडे, सिन्नर आणि येवल्याचे दुसरीकडे. मग नकाशात सह्याद्री दाखव. ढग घाट चढताना बरसतात आणि पूर्वेकडे कोरडे होत जातात, हे तोवर मुलांनीच ओळखलेलं असेल.

आणि गंगापूर धरणातून पाणी सुटलं की गोदावरीच्या पात्रात, रामकुंडाजवळ उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीची चौकशी सुरू होते: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. नाशिककरांचं हे पुराचं माप आहे. शेजारी धरणाचं माप मांड. १ क्यूसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, साधारण २८.३ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या जवळजवळ दोन बादल्या. १,००० क्यूसेकला सेकंदाला किती बादल्या? हा प्रश्न फळ्यावर लिही आणि तास त्यांच्यावर सोड. पुराच्या दिवसांत मात्र मुलांना घाटावर नेऊ नकोस. मारुती बघायला डिसेंबरात जा.

गट चारचेच कर. ४२ मुलांत चारचे नऊ आणि तीनचे दोन होतात. मोजणारा, लिहिणारा, पुन्हा मोजून बघणारा, सामान सांभाळणारा, ही कामं दर आठवड्याला बदलायची. बदलली नाहीत तर सुंदर अक्षराची मुलगी वर्षभर लिहीत राहते आणि मोजायला कधीच जात नाही.

दिवाळीनंतर जमिनीकडे वळ. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या हंगामात पेठ, सुरगाण्याहून कामाला कुटुंबं येतात. एखादं मूल जानेवारीत मध्येच तुझ्या वर्गातही दाखल होऊ शकतं. 'आमचा प्रकल्प संपला' असं त्याला ऐकायला लागू नये, म्हणून दुसऱ्या सत्राचं काम असं निवड की त्यात त्याचं घरचं ज्ञान उपयोगी पडेल. मैदानावर एक गुंठा आखा: ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. चारही बाजू बरोबर आल्या तरी चौकोन तिरका होतो, इथेच सगळ्यांची फसगत होते. कर्ण मोजून बघा, दोन्ही सारखे, ४६ फूट ८ इंचांच्या आसपास, आले पाहिजेत. कोपरा काटकोनात धरायला १२ फुटांची दोरी घ्या, तिला ३ आणि ७ फुटांवर गाठी मारा, टोकं जुळवून ताणा. ३ आणि ४ फुटांच्या बाजूंमध्ये काटकोन मिळतो. नायलॉनची दोरी ताणली की वाढते, त्यापेक्षा न ताणणारी जाड सुतळी बरी, पण कोरडी.

आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाचे गुण देताना तक्त्याच्या रंगसंगतीकडे बघू नकोस. नोंदवही उघड आणि विचार, अमुक तारखेला रेघ का आहे? जो गट 'त्या दिवशी बाटली पडली होती' असं सांगतो, त्यानं काम केलंय.

सध्या एवढंच कर: मुलांना सांगून एकाच कंपनीच्या तीन बाटल्या या आठवड्यात जमव, म्हणजे तिन्हींची मापं एकमेकांशी ताडून बघता येतील. खडे धुऊन घ्यायला विसरू नकोस, मातीनं पाणी गढूळ झालं की पट्टीवरचं माप दिसत नाही. पहिल्या महिन्याची नोंदवही भरली की मला पाठव, मी पानन् पान वाचेन.

कळावे, लोभ आहेच.