घरात पावरी, शाळेत मराठी : पोरगं मागं पडेल का?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडून येणारे, घरी पावरी ही पावरा आदिवासींची बोली बोलणारे पालक हमखास विचारतात, "मॅडम, पावरीतूनच वाचायला शिकवलं तर पोराचं मराठी कच्चं नाही का राहणार?" दुसरीतल्या एका मुलाचे वडीलही हेच विचारत आले. ऊसतोडीला जाणारं कुटुंब. मुलगा वर्गात गप्प, म्हणून "मंद दिसतो, घरीही मराठीच बोला" असा सल्ला कुणीतरी दिलेला. वडील बिचारे मोडक्या मराठीत दोन वाक्यं बोलायचे आणि थांबायचे. घरातलं बोलणंच आटलं होतं.

पुस्तकातला 'जहाज' हा शब्द मुलानं अक्षर लावून अचूक वाचला. म्हणजे काय रे, विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग आमच्या पावरी बोलणाऱ्या सहकारी ताईंनी होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराचा विषय काढला आणि गडी सुरूच झाला : कुणाचा ढोल मोठा, काकानं काय घेऊन दिलं, गर्दीत कोण हरवलं, का हरवलं. असं ओळीनं सांगणारं मूल मंद कसं? (घरच्या भाषेतही धड सांगता आलं नसतं, तर मी आधी कान तपासायला पाठवलं असतं.)

ताईंनी त्याचीच चार वाक्यं, तो बोलला तशी, देवनागरीत उतरवली. शुद्धलेखनाचा घोळ घातला नाही. बोट ठेवून वाचताना तो एका शब्दाला अडला, मागचं वाक्य पुन्हा म्हटलं आणि स्वतःच दुरुस्त केलं. अर्थाच्या आधारानं वाचणं ते हेच. एकदा जमलं की मराठीतही कामी येतं. लिपी तीच, त्यामुळे अक्षरं पुन्हा गिरवायची नाहीत. मराठी शब्द तेवढे गप्पा-गाण्यांतून कानावर पडायला हवेत.

"दादा, मराठी सोडायची नाहीच. पण घरी बिनधास्त पावरी बोला."

"मग शाळेतच का नाही शिकवत असं?"

प्रश्न रास्त होता. शिक्षण हक्क कायदा (२००९) मातृभाषेतून शिकवा म्हणतो, २०२० चं राष्ट्रीय धोरणही किमान पाचवीपर्यंत तेच सांगतं. पण दोन्हीकडे 'शक्य असेल तर' आहेच. आणि वर्गात पावरा नि भिल्ल मुलं एकत्र, गुरुजी अहिराणी बोलणारे. तेव्हा आम्ही घरापुरतं ठरवलं : आजीनं गोष्ट सांगायची, मोठ्या बहिणीनं वहीत लिहायची, यानं वाचायची. ऊसतोडीला जाताना वही बरोबर न्यायची.

जोडाक्षरांना तो अजून अडतो. त्याची मला फारशी काळजी नाही.